पडद्यावरचा कोठा, पडद्याआडचं गाव

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन जुने महामार्ग एकमेकांना छेदतात. भुसावळला रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. रावेर-यावलची केळी उत्तरेकडे जातात, जळगावच्या सराफ बाजारात लांबलांबून गिऱ्हाईक येतं, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवाराबाहेर गाड्यांच्या रांगा लागतात. माल आणि माणसं जिथे मुक्कामाला थांबतात तिथे देहविक्रयाचा धंदाही असतो, आणि खान्देश त्याला अपवाद नाही. अमळनेर, चोपडा अशा तालुक्याच्या गावांत धंदा करणाऱ्या बायकांच्या वस्त्या आहेत. अमळनेरची ‘आधार’ ही संस्था या बायकांच्या आरोग्यासाठी काम करत आली आहे. लहान शहरातली अशी वस्ती गावापासून तुटलेली नसते. बाजारपेठ, शाळा, देऊळ, दवाखाना हे सगळं हाकेच्या अंतरावर असतं. तिथल्या बाईला गावातलाच किराणावाला उधारी देतो आणि तिच्या मुलाला गावातल्याच मास्तरांच्या हाताखाली शिकायचं असतं. हिंदी आणि मराठी सिनेमा ऐंशीहून अधिक वर्षं वेश्येची गोष्ट सांगत आला आहे, पण हे गाव त्यात क्वचितच सापडतं. मला मांडायचं आहे ते एवढंच, की आपला सिनेमा बाईवर सगळा उजेड टाकतो आणि तिच्याकडे येणारा पुरुष व तिच्या पैशावर चालणारं घर या दोघांना अंधारात ठेवतो. त्यामुळे गाव गोष्टीतून निसटतं, आणि मग त्या बाईविषयी दिग्दर्शकाला कितीही कळवळा असला तरी गोष्ट अर्धीच राहते.

प्रभातचा ‘माणूस’ 1939 साली आला. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटात शांता हुबळीकरांची मैना आणि शाहू मोडकांचा पोलीस शिपाई गणपत आहे. गणपत मैनेला आपल्या आईच्या घरी नेतो. त्या भाविक घरात मैनेला स्वतःच्या मागच्या आयुष्याचं ओझं पेलत नाही. शेवटी छळणाऱ्या मामाचा खून करून ती तुरुंगात जाते आणि गणपतनं देऊ केलेली सुटकाही नाकारते. आजही तो चित्रपट धीट वाटतो, कारण मैना रडवी नाही, तिला विनोद कळतो, राग येतो, अभिमान आहे. तरीही तिची जागा शेवटी तुरुंगच. ‘प्यासा’ (1957) गुलाबोला कवीबरोबर या जगापासून दूर पाठवतो. ‘पाकीजा’ (1972) साहिबजानला लग्नाच्या डोलीत बसवतो. ‘गंगूबाई काठियावाडी’ (2022) गंगूबाईला पांढऱ्याशुभ्र साडीत मखरात बसवतो. तुरुंग, दूर देश, डोली आणि मखर यांत फरक पुष्कळ आहे, पण उद्या सकाळी उठून पाणी भरायचं, मुलाचा डबा करायचा, भाडं द्यायचं, असं रोजचं जगणं यांपैकी कुठेच नाही. ज्या बायका या व्यवसायात वीस-पंचवीस वर्षं काढतात, म्हाताऱ्या होतात, त्यांच्या वाट्याला पडद्यावर शेवटच उरत नाही, कारण सिनेमाला त्यांची सुटका तरी हवी असते किंवा बलिदान तरी.

गिऱ्हाइकाचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. ‘प्यासा’तली गुलाबो पहिल्या भेटीत विजयला गिऱ्हाईक समजून अंधाऱ्या वाटेनं आपल्या खोलीकडे नेते आणि त्याचा खिसा रिकामा आहे हे कळताच हाकलून देते. या एका प्रसंगात धंदा धंद्यासारखा दिसतो. वेळ वाया गेल्याची चीड, पोटाची चिंता, गैरसमज झाल्याचा संताप, सगळं त्यात आहे. त्यानंतर मात्र गुलाबो कवितेची पुजारीण होते आणि तिच्या दारात कोण येतं हा प्रश्न चित्रपट पुन्हा विचारत नाही. बहुतेक सिनेमांत गिऱ्हाईक दोनच रूपांत भेटतं, जनावर किंवा प्रियकर. जनावराचा आपण तिरस्कार करतो, प्रियकराला माफ करतो, आणि दोन्ही वेळा प्रेक्षकातल्या पुरुषाला आपण त्यात कुठे आहोत हे पाहावं लागत नाही. खरं गिऱ्हाईक बहुतेकदा साधा माणूस असतो. तो लांबच्या गाडीवरचा ड्रायव्हर असतो, घरापासून दूर राहिलेला मजूर असतो, बाजाराला आलेला शेतकरी असतो, दुकान बंद करून निघालेला दुकानदार असतो, आणि यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी बायको असते.

हे गिऱ्हाईक सिनेमाला दिसलं नाही, पण सरकारच्या आरोग्य खात्याला दिसलं. एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबरच ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांच्यासाठी वेगळं काम उभं राहिलं, कारण संसर्ग एका गटातून दुसऱ्या गटाकडे आणि तिथून घरच्या स्त्रीकडे पोचवणारा दुवा तेच होते. धाब्यांवर आणि ट्रक तळांवर तपासण्या झाल्या, निरोध वाटले गेले, पथनाट्यं झाली. त्या कार्यक्रमाचा नकाशा काढला तर त्यावर महामार्ग येतो, धाबा येतो, वस्ती येते, गाडीवाला येतो आणि त्याच्या गावी वाट पाहणारी बायकोही येते. ज्याला समाज म्हणावं तो इतका सलग या नकाशावर उमटतो. आपल्या कथालेखकांना कित्येक वर्षं हा नकाशा हाताशी होता आणि तरी त्यांनी कोठ्याच्या चार भिंतींतच गोष्ट बसवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घराचीही हीच गत आहे, पण तिथे एक विचार करण्याजोगा धागा सापडतो. ‘माणूस’मध्ये मैनेला छळणारा मामा आहे. ‘चांदनी बार’ (2001) मध्ये दंगलीत घर जळालेल्या मुमताजला मुंबईत आणून बारमध्ये उभी करणारा आणि तिच्यावर अत्याचार करणारा मामाच आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’ (1995) मध्येही गौरीला मुंबईला नेतो तो मामा. घरातल्याच कुणीतरी मुलीला या वाटेवर सोडलं हे सिनेमाला ठाऊक असतं, पण तो दोष बापावर किंवा नवऱ्यावर टाकायला मन धजावत नाही, म्हणून तो आईच्या भावाच्या खांद्यावर जातो. बाप मेलेला असतो, लांब असतो किंवा अंथरुणाला खिळलेला असतो. ‘पाकीजा’सारख्या गोष्टीत बाप असतो, पण तो नवाबी जगातला, आपल्या शेजारघरातला नव्हे. घराची अब्रू वाचवायची ही खटपट इतकी सवयीची झाली आहे की ती आपल्या लक्षातही येत नाही.

‘दोघी’ हा या वाटेवर निघून पुढे गेलेला चित्रपट आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. लग्नाच्याच दिवशी वऱ्हाडाच्या गाडीला अपघात होतो, गौरीचं लग्न मोडतं, बाप कोसळतो, घराची दशा होते. मामा वाट दाखवतो, गौरी मुंबईला जाते आणि घराला पैसे मिळू लागतात. त्या पैशानं घर सावरतं. सदाशिव अमरापूरकरांनी हा मामा केला आहे, आणि चारच वर्षांपूर्वी, 1991 मध्ये, त्याच अमरापूरकरांनी ‘सडक’मध्ये कुंटणखाना चालवणारी ‘महाराणी’ साकारली होती. महाराणीला पाहून प्रेक्षक हादरतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो, कारण अशी व्यक्ती त्याला आयुष्यात भेटणार नसते. ‘दोघी’तला मामा मात्र ओट्यावर बसून हळू आवाजात व्यवहाराचं बोलतो. तो कुणाच्याही घरी येऊ शकतो. आणि त्याहून कठीण आहे ती उत्तरा बावकरांची आई. तिला मुलगी कुठे गेली हे उमगलेलं आहे, मुलीच्या पैशावर चूल पेटते आहे, आणि धाकट्या कृष्णाच्या लग्नासाठी गौरी घरी येते तेव्हा हीच आई तिला जवळ घेऊ शकत नाही. मुलीचा पैसा चालतो, पण मुलगी चालत नाही, हा पेच या चित्रपटानं एका खेड्यातल्या घराच्या अंगणात आणून मांडला. मामाच्या माथ्यावर सगळं ढकलून आई सुटत नाही आणि आपणही सुटत नाही.

घराचा हा हिशेब कायद्यानं मात्र आधीच लिहून ठेवला आहे. पोलीस आणि पत्रकार ज्याला ‘पिटा’ म्हणतात त्या 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही, पण कुंटणखाना चालवणं, गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. कलम 4 नुसार अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती जाणूनबुजून अशा कमाईवर जगत असेल तर तिला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दलालाला धरण्यासाठी हे कलम आहे. पण त्याच्या शब्दांत बाईची म्हातारी आईही बसते आणि अठरावं सरून कॉलेजात जाणारा मुलगाही बसतो. कलम 7 म्हणतं की शाळा, देऊळ, दवाखाना अशा ठिकाणांपासून दोनशे मीटरच्या आत हा व्यवहार चालता कामा नये, आणि आपल्या जुन्या पेठांमध्ये दोनशे मीटरच्या आत काय येत नाही? बारावी झालेला मुलगा, आईनं भरलेली फी आणि वाढदिवसानंतर कायद्याच्या नजरेत बदललेलं त्याचं स्थान, एवढ्यावर उत्तम चित्रपट होईल. त्यासाठी ना मुजरा लागतो, ना बंदूक.

जळगावविषयी लिहायचं तर 1994 टाळता येत नाही, आणि मी ते जपून लिहिते आहे. त्या वर्षी उघडकीला आलेल्या प्रकरणात शाळा-कॉलेजच्या मुलींना फसवून, त्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती काढून, त्या धाकावर त्यांचं शोषण झालं. त्या मुली धंदा करणाऱ्या नव्हत्या, त्या गुन्ह्याच्या बळी होत्या. तरीही या लेखात त्यांचा उल्लेख येतो, कारण ‘घरातली’ आणि ‘बाजारातली’ अशी बाईची जी वाटणी सिनेमा पिढ्यानपिढ्या शिकवत आला, तिची किंमत या शहरानं मोजली. छायाचित्राच्या धाकाला दात कशामुळे येतात? एकदा प्रतिमा बाहेर गेली की मुलगी कायमची पलीकडच्या बाजूला ढकलली जाते, या सगळ्यांच्या विश्वासामुळे. त्या भीतीनं मुली गप्प बसल्या, आईवडील गप्प बसले, साक्षीला पुढे येणं अनेकींना जमलं नाही, आणि खटल्यांमध्ये शिक्षा टिकल्या त्या फार थोड्या. शहरातल्या ज्या मुलींचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्याकडेही संशयानं पाहिलं गेलं. मीरां चड्ढा बोरवणकर या पोलीस अधिकाऱ्यांनी राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागात असताना या प्रकरणाच्या तपासात काम केलं होतं. 2014 साली ‘मर्दानी’ आला तेव्हा त्यातल्या शिवानी रॉयवर त्यांच्या कारकिर्दीची छाया असल्याचं वृत्तपत्रांतून लिहिलं गेलं. ‘मर्दानी’च्या शेवटी नायिका मुलींच्या तस्कराला त्या मुलींच्याच हवाली करते आणि त्या त्याला मारतात. चित्रपटगृहात टाळ्या पडतात. जळगावात लागणार होती ती वेगळी गोष्ट. कोर्टात उभं राहून बोलणाऱ्या मुलीला त्याच गल्लीत परत राहता येईल एवढा भरवसा लागणार होता, आणि तो देणं खलनायकाच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या हातात होतं. असा शेवट चित्रित करणं अवघड आहे हे मान्य, पण पाहणाऱ्याला तो अधिक उपयोगी पडला असता.

आज हीच वाटणी छाप्याच्या बातमीत रोज दिसते. लॉजवर किंवा घरावर धाड पडते, ‘देहविक्रीच्या अड्ड्यावर छापा’ असा मथळा येतो, आणि फोटोत ओळीनं बसवलेल्या बायका तोंडाला ओढणी किंवा स्कार्फ घट्ट गुंडाळून मान खाली घालून असतात. मागे गणवेशातले पोलीस उभे. गिऱ्हाईक फोटोत नसतं. जळगाव-धुळ्याच्या उन्हात स्कूटीवरून जाणारी प्रत्येक दुसरी मुलगी असाच स्कार्फ बांधते, गाठ मानेमागे, डोळे तेवढे उघडे. एका ठिकाणी तो ऊन अडवतो, दुसऱ्या ठिकाणी ओळख. कापड तेच, विकणारं दुकानही कदाचित तेच. ही चौकट वार्ताहरांनी सिनेमाकडून घेतली की सिनेमानं वार्ताहरांकडून, हे सांगणं कठीण आहे, पण दोघांनीही कॅमेरा एकाच जागी ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2022 रोजी बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेल्या निर्देशांत हा कॅमेराही होता. छाप्याच्या वेळी या स्त्रियांची ओळख पटेल असं छायाचित्र माध्यमांनी प्रसिद्ध करू नये, पोलिसांनी त्यांना माणूस म्हणून वागवावं आणि मारहाण वा शिवीगाळ करू नये, असं न्यायालयानं सांगितलं.

बाईला वाचवण्याच्या चित्रपटांविषयी माझा आक्षेप असा की ते पोलिसांच्या गाडीचं दार लावून संपतात. गाडी पुढे कुठे जाते? सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्यासमोर आलेल्या प्रकरणात तीन सज्ञान तरुणींना त्यांच्या मनाविरुद्ध वसतिगृहात ठेवण्याचा आदेश झाला होता. न्यायमूर्तींनी तो रद्द केला आणि सज्ञान स्त्रीला आपलं काम आणि राहण्याची जागा निवडण्याचा हक्क आहे हे स्पष्ट केलं. जिथे ती गाडी थांबते तिथून सुरू होणारा एक मराठी चित्रपट आपल्याकडे आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी 1982 मध्ये केलेला ‘उंबरठा’. त्यातल्या आश्रमात समाजानं टाकलेल्या, ‘सुधारण्या’साठी आणलेल्या बायका आहेत, त्यांच्यावर डोळा ठेवणारा आमदार आहे, आणि भिंतीच्या आतली कोंडी असह्य होऊन जीव देणाऱ्याही आहेत. त्यातली नायिका सुलभा महाजन झाली ती स्मिता पाटील, जिचं घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे स्वातंत्र्यसैनिक आणि राज्याचे मंत्री. ‘उंबरठा’च्या पुढच्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘मंडी’त ती झीनत झाली. खान्देशच्या या लेकीनं लागोपाठ दोन वर्षांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू उभ्या केल्या, आणि तिच्याविषयी लिहिताना आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.

‘मंडी’ माझ्या मुद्द्याला सर्वांत जवळचा आहे. गुलाम अब्बास यांच्या ‘आनंदी’ या कथेवरून तो घेतला आहे. शहरात मोक्याच्या जागी असलेला कोठा हलवायचा ठराव होतो. नैतिकतेची मोहीम चालवणाऱ्या शांतिदेवी आहेत, जागेवर डोळा असलेला गुप्ता आहे, आणि अग्रवाल नावाच्या प्रतिष्ठिताचा मुलगा झीनतवर जीव टाकतो. ती त्याच अग्रवालची मुलगी असते. म्हणजे कोठा आणि बंगला यांच्यात रक्ताचं नातं निघतं. बायका गावाबाहेर जातात, आणि पाठोपाठ माणसं, दुकानं, वस्ती तिथेच जाऊन उभी राहते. पिटा कायद्याच्या कलम 20 प्रमाणे दंडाधिकारी अशा स्त्रीला एखाद्या भागातून निघून जाण्याचा आदेश देऊ शकतो. बेनेगलांनी तो हुकूम कागदावरून उचलून पडद्यावर आणला, आणि बाई हलते पण तिच्याशी जोडलेलं गाव तिच्यामागे चालत जातं, हे दाखवलं.

यावर काही आक्षेप येतात आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप, सिनेमा हा करमणुकीचा धंदा आहे, त्याच्याकडून पाहणी अहवालाची अपेक्षा का? अपेक्षा अहवालाची नाहीच. ‘मंडी’ भरपूर हसवते, ‘दोघी’ रडवते, आणि दोन्ही सिनेमे म्हणूनच उभे राहतात. गिऱ्हाईक आणि घर आलं की नाट्य कमी होतं असं नाही, वाढतं. दुसरा आक्षेप गंभीर आहे. अल्पवयीन मुलींची विक्री होते, त्यांना डांबलं जातं, आणि रोजच्या जगण्याची गोष्ट सांगायला गेलं तर हा गुन्हा सौम्य वाटेल. लहान मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच येत नाही, आणि तिला सोडवणाऱ्या पोलिसांची गोष्ट सांगायलाच हवी. पण मुलगी पळवणारा बहुधा ओळखीचाच असतो, आणि त्याला ओळखायला प्रेक्षकाला महाराणी शिकवणार नाही, ‘दोघी’तला मामा शिकवेल. धोक्याचा खरा चेहरा दाखवायचा तर घराच्या ओट्यावरच कॅमेरा लावावा लागतो.

तिसरा आक्षेप ‘गंगूबाई’च्या चाहत्यांचा. त्या चित्रपटानं या बायकांना ताठ मानेनं उभं केलं, व्यासपीठावरून बोलायला लावलं, हे काही थोडं नाही. थोडं नाही, हे मलाही मान्य आहे. ज्या प्रेक्षकांनी कामाठीपुऱ्याचं नावही दबक्या आवाजात घेतलं होतं त्यांनी आलिया भटच्या तोंडून हक्काची मागणी ऐकली. पण मान एकटीच्या वाट्याला येते, ती असामान्य म्हणून. बाकीच्या साध्या बायकांना मान मिळायला असामान्य व्हावं लागत असेल तर तो मान नव्हे, बक्षीस आहे. शिवाय जी ताकद गंगूबाईला एकटीला दिली ती प्रत्यक्षात संघटनेतून येते. सांगलीत 1996 पासून उभी राहिलेली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ म्हणजे वॅम्प याचा दाखला आहे. या बायकांनी पोलिसांशी, रुग्णालयांशी, मुलांच्या शाळांशी एकत्र येऊन व्यवहार केला. सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी स्वतःचं नाटकही रंगमंचावर आणलं. आई, घरवाली, तिचा मालक आणि त्या मालकाची बायको, ही त्या नाटकाची माणसं. घरवाली म्हणजे कोठा चालवणारी बाई, आणि मालक म्हणजे तिचा कायमचा जोडीदार पुरुष, ज्याचा दुसरीकडे संसार असतो. स्वतःची गोष्ट स्वतः मांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या पुरुषाला आणि त्याच्या लग्नाच्या बायकोलाही रंगमंचावर बोलावलं. मोठ्या पडद्यानं ज्यांना वगळलं, त्यांना या बायकांनी पहिल्याच यादीत घेतलं.

पैसा नाही, बाजार नाही, म्हणून असा सिनेमा होत नाही, हे कारणही आता फार टिकत नाही. अहिराणी गाण्यांचे आणि विनोदी नाट्यछटांचे व्हिडिओ इथली पोरं साध्या कॅमेऱ्यावर करतात आणि ते गावोगाव पाहिले जातात. माणसं, बोली, ऊन, बाजार, एसटी स्टँड सगळं तयार आहे. लिहिणाऱ्यांनी फक्त कागदपत्रांकडे पाहावं. 2020 च्या टाळेबंदीत धंदा बंद पडला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं या बायकांना ओळखपत्राची सक्ती न करता शिधा द्यायला सांगितलं, आणि महाराष्ट्र सरकारनं ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा 5000 रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी 2500 रुपये मदत जाहीर केली. कल्पना करा, तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या खोलीत यादी तयार होते आहे. नाव, बँकेचं खातं, मुलाची शाळा. एका बाईच्या घरी ती शिवणकाम करते असं माहीत आहे. नाव लिहून दिलं तर तीन महिन्यांचं भाडं आणि मुलाची फी सुटते, आणि बँकेच्या पासबुकावर कुठल्या योजनेचे पैसे आले हे दहावीत शिकणारा तो मुलगा एक दिवस वाचू शकतो. टेबलापाशी बसलेली कार्यकर्ती तिला घाई करत नाही, पण यादी संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला पाठवायची आहे, आणि तिच्यामागे आणखी सात-आठ जणी उभ्या आहेत.